निघणाऱ्या सहा जणांना

फादर फेर्मिन म्हणाले, दहा मिनिटं बोल, झेलिया,
आनंदाचं जास्त बोल, पोरं घाबरायला नकोत.
म्हणून पिएदादच्या या हॉलमध्ये उभी आहे.
पंखा करकरतोय
आणि तुमच्या सहा बॅगांना
अजून दुकानाचा वास आहे.

मीही याच बेटावरून गेले.
आईनं आमसुलं दिली, सुका बांगडा दिला.
बांगडा विमानतळावर काढून ठेवावा लागला,
वास मात्र दोन वर्षं टॉवेलातून गेला नाही.
बाबा फेरीपर्यंत आले नाहीत.
मी पोर्तुगीज शिकले म्हणून.
त्या भाषेची छडी
चौथीत त्यांच्या तळहातावर बसली होती.
"जिच्यात मला मारलं, तिच्यात तू प्रार्थना शिकवणार?"
एवढंच बोलले, आणि स्कूटरचा प्लग पुसत राहिले.

मोझांबिकात, नाम्पुलाच्याही पलीकडे,
रस्ता संपतो तिथून ट्रॅक्टरनं अर्धा दिवस.
पहिल्या सकाळी दार उघडलं तर समोर काजू.
आपलाच काजू, तसाच जमिनीकडे वाकलेला,
मोहराचा तोच आंबूस वास.
त्या झाडाला मिठी मारून मी रडले
आणि अकरा पोरं पोट धरून हसली.
तेच माझं पहिलं प्रवचन.

माझ्या चुका पोरं गोळा करायची, चिंचोक्यांसारख्या,
आणि संध्याकाळी एकमेकांना काढून दाखवायची.
कोशुखुरू म्हणजे तिथल्या बोलीत धन्यवाद.
मी तो शब्द सहा महिने नमस्कारासाठी वापरला,
भेटेल त्याचे आभार मानत हिंडले.
कुणी दुरुस्त केलं नाही. आवडत असावं.
आवितोनं चपलेच्या रबरातून हातपंपाचा वॉशर कापला,
आणि पाणी आलं!
बायका नाचल्या, आम्ही नाचलो,
त्या दिवशी देवाचं नाव घ्यायचं राहून गेलं.
फादर, हे वगळायचं होतं, माफ करा.

आता ते दुसरं.
आवितो आठव्या महिन्यात परत आला.
त्याला भित्रा म्हणणारं इथं कुणी असेल
तर त्यानं थंडीतापात एक रात्र काढावी,
शेजारच्या खाटेवरचा माणूस पहाटे गप्प झालेला ऐकावा.
आबिबा सात वर्षांची होती,
माझी पेन्सिल केसांत खोचून फिरायची.
औषधांची पेटी पुलाच्या पलीकडे राहिली,
आणि पूल नदीत.
चौथ्या दिवशी तिच्या आईनं
ती पेन्सिल मला परत आणून दिली.
अशा वेळी एखादं वचन आठवेल तुम्हाला.
म्हणू नका.
चटईवर जागा असेल तर बसा नुसते.

मामा लाउरिंदा शेंगा फोडता फोडता म्हणाली,
"तुमच्याही डोक्यावर पाणी त्यांनीच घातलं का?"
म्हटलं, हो. चारशे वर्षांपूर्वी.
"विचारून?"
शेंगा फुटत राहिल्या.
बऱ्याच वेळानं म्हणाली, "तू विचारतेस. बरं करतेस."
बरं करते का, मला अजून ठाऊक नाही.
तुम्हाला कळलं तर कळवा.

परतले तेव्हा जुन्या गोव्याच्या धक्क्यावर बाबा उभे.
बॅग घेतली, माझं वजन किती घटलं ते नजरेनं मोजलं.
फेरी मध्यावर आली तेव्हा
खारफुटीकडे बघत विचारलं,
"पाण्याला काय म्हणतात तिथं?"
मी दोन शब्द सांगितले,
एक पोरांचा, एक छडीचा.
छडीचा त्यांना येतच होता.
पोरांचा म्हणून पाहिला. चुकला.
पुन्हा म्हटला.

फादर घड्याळ बघतायत.
बांगडा नेऊ नका.
चपलांचे दोन जोड न्या,
एक पंपाला लागेल.